मातीच्या बांधाचे ऋण

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव इ. स. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधविला. डोंगरांच्या कुशीत मातीचा बांध घालून पाणी अडविले, एवढीच ती करामत. सिमेंट नाही की लोखंड नाही. त्याच पाण्यावर परिसरातील शेती-बागायती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावास जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान दिला. काठी भगवतीचे देऊळ, सभोवती दाट झाडी. साहजिकच सहलीस येणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. आपल्या गोव्यातही चापोली, आमठाणे येथे मातीची धरणे आहेत आणि हौशी मंडळींचे पाय तिकडेही वळतात. त्यात गैर काहीच नाही. पाण्याकाठी मन निवते, हे कोणी सांगावयास हवे काय?

परंतु मातीचे धरण दुर्लक्ष सहन करीत नाही. सांडवा तुंबून पाणी माथ्यावरून वाहू लागले की माती धुपून बांध खचतो. बांधावर वाढलेल्या झाडांची मुळे कुजली की पोकळी पडते. घुशी-खेकड्यांची बिळे पाण्याला वाट करून देतात. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी पाझरणे स्वाभाविक आहे. ते गढूळ झाले, तर बांध आतून पोखरला जात आहे असे समजावे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि पायथ्याची वाडी माणसांसह वाहून गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. तरीही शासनातील जबाबदार मंत्र्यांनी दोष खेकड्यांच्या माथी मारला! खेकडे बिळे करणारच. ती वेळीच बुजविणे हे माणसांचे काम होते.

धामापूरची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लग्नकार्यासाठी गरजवंताने परडीत फुलांचे दागिने ठेवून ती तलावात सोडावी, देवीने सोन्याचे दागिने द्यावेत आणि कार्य उरकताच ते परत करावेत, असा परिपाठ होता. कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि देवीचे देणे थांबले. कथेवर विश्वास ठेवा वा न ठेवा, तिच्यातील व्यवहार चोख आहे.

आज त्या पाण्याचे ऋणको शेतकऱ्यांइतकेच सहलकरीही आहेत. म्हणून आमचे म्हणणे असे की, अशा प्रत्येक जलाशयाच्या पर्यटनातून येणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा बांधाच्या डागडुजीसाठी राखून ठेवावा, मृगापूर्वी होणाऱ्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि गळतीची वर्दी देणाऱ्या ग्रामस्थास लेखी उत्तर मिळावे. गोव्यातील खाजनांचे बांध गांवकरीने शतकानुशतके राखले, ते अशाच जागत्या जबाबदारीने. बांधावर उभे राहून पाणी पाहणाऱ्याने कधीतरी पायांखालच्या मातीकडेही पाहावे.