बैलघोड्याच्या दवाखान्यात मांजरही चालतं

कुत्रा पाळला की त्याचं सगळं आपलं आपणच निस्तरायचं, असं पाळणारा धरून चालतो आणि शेजारीही. त्यामुळे जनावर आजारी पडलं की रात्री अकराला ओळखीपाळखीत फोनाफोनी सुरू होते आणि कोणीतरी सुचवलेल्या दवाखान्याच्या दिशेने रिक्षा पळते. मदत नसते असं नाही. ती कुठे मिळते आणि कोणाला मिळते, याबद्दलच्या समजुती इतक्या घट्ट आहेत की माणसं तिथवर पोचतच नाहीत.

‘सरकारी दवाखाना गुरांचा. तिथे कुत्र्यामांजराला कोण विचारतो?’ हा त्यातला सर्वांत जुना गैरसमज. तालुक्याच्या गावी लोक ज्याला गुरांचा दवाखाना म्हणतात, तिथल्या डॉक्टरांनी गाय, घोडा, कुत्रा, मांजर या सगळ्यांचं वैद्यक शिकलेलं असतं. केसपेपरचे पैसे नाममात्र असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय असतं, पुण्यात ते औंधला आहे. शिवाय मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे स्वतःचे दवाखाने आहेत. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते १८८३ सालचं. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल रस्त्यावरून कधीच गेले, पण नाव राहिलं, आणि त्या नावामुळेच आपलं मांजर तिथे न्यायचं अनेकांच्या मनातही येत नाही. सरकारी दवाखान्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो बहुधा रात्री उघडा नसतो, सोनोग्राफी सगळीकडे नसते, काही औषधं बाहेरून आणावी लागतात. पण लस, जंताचं औषध, खरूज, जखमेचं ड्रेसिंग यासाठी हजारो रुपये मोजण्याची गरज नाही. हातावर पोट असलेल्या घरानेही कुत्रा जीव लावून पाळलेला असतो, आणि हे माहीत असण्याची खरी गरज त्याच घराला आहे.

याच्या उलट टोकाचा गैरसमज मुंबईत महालक्ष्मीला असलेल्या टाटा ट्रस्ट्सच्या प्राणी रुग्णालयाबद्दल आहे. रतन टाटांच्या ध्यासातून उभं राहिलेलं हे पाच मजली रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. टाटांचं म्हणजे फुकट, असं समजून लोक येतात. तिथे उपचारांचे पैसे पडतात. निघण्यापूर्वी फोन करून अंदाज घेतलेला बरा. तसंच १९६२ या फोन क्रमांकाचं. त्याला प्राण्यांची १०८ समजतात, पण त्यामागची फिरती पथकं मुख्यतः पशुपालकांच्या दारी जाऊन गुरांवर उपचार करण्यासाठी आहेत. आणि प्राणिसंस्थांच्या रुग्णवाहिका आधी धावतात त्या रस्त्यावरच्या, मालक नसलेल्या जनावरांसाठी. घरच्या कुत्र्यासाठी त्या आल्या नाहीत म्हणून रागावू नये.

आता रक्ताबद्दल. इथे गैरसमज थेट जिवावर बेततात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जून २०२४ मध्ये रतन टाटांनी समाजमाध्यमांवर मुंबईकरांना एक विनंती केली होती. सात महिन्यांच्या एका कुत्र्याला गोचीडतापाचा संशय होता, रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी झालं होतं आणि रक्तदाता कुत्रा हवा होता. दाते मिळाले. पण कुत्र्यालाही रक्त देता येतं, हेच अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पावसाळ्यात गोचीड वाढतात. त्यांच्या चाव्यातून शिरणारे जंतू रक्तपेशी आणि प्लेटलेट्स नष्ट करतात. कुत्रा जेवण सोडतो, मलूल होतो. ओठ वर करून पाहिलं तर एरवी गुलाबी दिसणाऱ्या हिरड्या फिक्या, कधी कागदासारख्या पांढऱ्या झालेल्या असतात. अशा वेळी डॉक्टर रक्त चढवायचं म्हणतात आणि मालक विचारतो, ‘ब्लड बँकेतून आणू का?’ माणसांसाठी असतात तशा रक्तपेढ्या प्राण्यांसाठी आपल्याकडे फार थोड्या आहेत. बहुतेक वेळा रक्त येतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरच्या कुत्र्याकडून, आणि तोही त्याच दिवशी शोधावा लागतो.

‘माझ्या कुत्र्याचं रक्त काढलं तर तो कायमचा अशक्त होईल,’ ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती खरी नाही. दाता निरोगी, साधारण एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोंच्या पुढचा आणि सगळ्या लसी झालेला लागतो. त्याला गोचीड-पिसवांचा त्रास नसावा लागतो. आधी त्याचं रक्त तपासतात, मगच घेतात. टेबलावर आडवं करून गळ्याजवळचे केस थोडे काढतात, तिथल्या शिरेत सुई जाते आणि सुमारे ४५० मिलिलिटरची पिशवी भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शांत स्वभावाच्या कुत्र्याला बहुधा गुंगीही द्यावी लागत नाही, मालकाचा हात डोक्यावर असला की पुरतं. नंतर पाणी, खाणं, दिवसभर विश्रांती. पुढचं रक्तदान दोन-तीन महिन्यांनी.

‘कुत्र्याचं रक्त कुठल्याही कुत्र्याला चालतं,’ हे अर्धसत्य आहे. कुत्र्यांनाही रक्तगट असतात. पहिल्यांदा रक्त चढवताना सहसा निभावतं, कारण दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिपिंडं त्यांच्या शरीरात बहुधा आधीपासून नसतात. दुसऱ्या वेळी ती तयार झालेली असू शकतात, म्हणून दोघांचं रक्त जुळतं का हे पाहणारी चाचणी, म्हणजे क्रॉसमॅच, हवीच. मांजराच्या बाबतीत मात्र पहिल्या वेळीही गट जुळवल्याशिवाय थेंबभरही चढवू नये. मांजरांमध्ये ही प्रतिपिंडं नैसर्गिकरीत्याच असतात आणि चुकीचं रक्त जीव घेऊ शकतं.

आपल्याकडचा गावठी कुत्रा सहसा पंचवीस किलोंपर्यंत पोचत नाही, त्यामुळे भिस्त लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड वगैरेंच्या मालकांवर आहे. तुमच्या घरी असा कुत्रा असेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारा, त्याचा रक्तगट तपासून घ्या आणि दात्यांच्या यादीत नाव घालायला सांगा. शेजारच्या दोन-चार इमारतींत अशी सहा-सात नावं एका वहीत असली, तर ती सेवा कुठल्याही ॲपपेक्षा मोठी आहे.

सोसायटीच्या बाबतीत उलटं घडतं. तिथे ज्यांनी मदत करायची तेच लोक नोटीस लावतात. ‘सर्वसाधारण सभेत ठराव झाला, आता इमारतीत कुत्रा चालणार नाही’, असा ठराव बहुमताने झाला काय किंवा एकमताने झाला काय, त्याला अर्थ नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या आकारावरून वा जातीवरून अडवता येत नाही आणि लिफ्ट वापरण्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. पण त्याच सूचना मालकालाही जबाबदारी सांगतात. जिन्यात किंवा बागेत घाण झाली तर ती उचलायची, रात्रभर भुंकण्यावर इलाज करायचा, महापालिकेचा परवाना आणि लसीची नोंद ठेवायची. हे पाळणाऱ्याच्या बाजूने बोलायला शेजारीही उभे राहतात.

‘आमचं मांजर घराबाहेर जात नाही, त्याला रेबीजची लस कशाला?’ हेही वारंवार ऐकू येतं. तिसऱ्या महिन्यानंतर पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस, हे घरातल्यालाही लागू आहे. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी अनेक ठिकाणी मोफत शिबिरं असतात. माणसाला चावा किंवा ओरखडा झालाच तर हळद-चुना-मिरची न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे लस मोफत मिळते आणि पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांनी घरोघरच्या आणि रस्त्यावरच्याही कुत्र्यांना लस टोचली, तेव्हा २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांमधल्या रेबीजचं मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. घरातला कुत्रा वगळून हे साधलं नसतं.

प्राणी गेल्यावर काय, हे कोणी आधी विचारत नाही. मग रात्री मोकळ्या जागी खड्डा शोधला जातो. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला, कोंडवाड्याच्या आवारात, पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनाची सोय केली आहे. ती मोफत आहे. इतर शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन केला की काय सोय आहे ते कळतं.

शेवटचा गैरसमज सर्वांत निष्ठुर आहे. ‘नाहीच जमलं तर संस्थेत सोडून येऊ.’ बदली, बाळंतपण, घरमालकाचा नकार, कारणं खरी असतात. पण निवारे जखमी आणि आजारी जनावरांनी भरलेले असतात. घरात वाढलेला कुत्रा तिथे खाणं सोडतो, आणि लस न झालेल्या पिल्लाला पार्व्हो या जीवघेण्या आजाराची लागण व्हायला फार वेळ लागत नाही. रस्त्यावर सोडून देणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आधी डॉक्टरांना सांगा, कारण चावण्या-भुंकण्यामागे कित्येकदा दुखणं असतं. अडचण थोड्या दिवसांची असेल तर कोणाकडे तरी ठेवायची सोय शोधा. नवं घर द्यायचंच असेल तर स्वतः शोधा, तिथे जाऊन या, लसीचं कार्ड आणि खाण्याच्या सवयी लिहून द्या, आणि महिनाभर त्याला परत घ्यायची तयारी ठेवा. संस्थेकडे मागायचं तर या शोधात साथ मागा, ती बहुतेक संस्था देतात.