नाम नव्हे, क्रियापद

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्टर्लिंग ब्राउन नावाचे कवी इंग्रजी साहित्य शिकवत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन विद्यार्थ्यांना घरी बोलावलं आणि आपला ग्रामोफोन तबकड्यांचा संग्रह दाखवला. हाच तुमचा इतिहास, असं त्यांचं सांगणं होतं. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ, पण तिथेही जॅझला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. त्या दोघांपैकी ए. बी. स्पेलमन पुढे जॅझचे जाणते समीक्षक झाले. दुसरा विद्यार्थी न्यूअर्कचा, एव्हरेट लेरॉय जोन्स. जग त्याला आज अमिरी बराका म्हणून ओळखतं.

७ ऑक्टोबर १९३४ ते ९ जानेवारी २०१४ हा त्यांचा जीवनकाळ. चरित्रकार त्याचे सरळ कप्पे करतात: आधी ग्रेनिच व्हिलेजमधला बीट कवी, मग कृष्णवर्णीय राष्ट्रवादी आणि १९७४नंतर मार्क्सवादी. नावं बदलली, पोशाख बदलला, मित्र आणि शत्रूही बदलले. तबकड्यांमध्ये इतिहास ऐकायची सवय मात्र सुटली नाही. त्यांचं इतिहासलेखन आणि नाट्यलेखन दोन्ही त्या सवयीतून आलं.

हॉवर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून जोन्स हवाई दलात गेले. साम्यवादी असल्याच्या निनावी तक्रारीनंतर तिथून बाहेर पडावं लागलं. १९५७मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि ‘रेकॉर्ड चेंजर’ या जॅझ मासिकाच्या कचेरीत कामाला लागले. तिथेच हेटी कोहेन भेटली. लग्न झालं आणि दोघांनी मिळून ‘युगेन’ हे लहानसं नियतकालिक काढलं. पुढे बिऱ्हाड कूपर स्क्वेअरवर आलं. ‘फाइव्ह स्पॉट’ हा जॅझचा अड्डा तिथून हाकेच्या अंतरावर होता. १९५७मध्ये थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन तिथे एकत्र वाजवत होते, १९५९मध्ये ऑर्नेट कोलमन आला आणि जॅझच्या जगात दोन तट पडले. त्या काळात जोन्स ‘डाउन बीट’, ‘मेट्रोनोम’ अशा मासिकांत लिहीत, तबकड्यांच्या वेष्टनांवरचे मजकूरही लिहीत. कलावंतांना घडताना जवळून पाहणारा हा इतिहासकार होता.

तिशी गाठायच्या आत, १९६३मध्ये, त्यांनी ‘ब्लूज पीपल’ लिहिलं. कृष्णवर्णीय लेखकाने आपल्या संगीताचा असा सलग सामाजिक इतिहास सांगण्याचा तोवर फारसा प्रघातच नव्हता. पुस्तकाचा मुद्दा सरळ आहे: गुलाम माणसाचा नागरिक होत गेला, त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा त्याच्या गाण्यात ऐकू येतो. मालकांनी ढोल बंद केले, कारण ढोलावरून निरोप जात. मग लय टाळ्यांत आणि पायांत शिरली. मळ्यावरची गाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची होती. गुलामी संपल्यावर कामाच्या शोधात एकटा माणूस रस्त्याला लागला तेव्हा त्याच्या गाण्यात ‘मी’ आला, आणि ब्लूज उभा राहिला. पुढे लाखो लोक दक्षिण सोडून शिकागो-न्यूयॉर्ककडे निघाले. त्यांच्याबरोबर गाणंही शहरी झालं.

पुस्तकातला सर्वांत मार्मिक विचार व्याकरणाचा आहे. ‘स्विंग’ हे आधी क्रियापद होतं. वादक वाजवताना जे करायचे, ते स्विंग. १९३०च्या दशकात मोठमोठ्या गोऱ्या वाद्यवृंदांनी बाजार काबीज केला आणि स्विंग हे नाम झालं, दुकानात मिळणारी वस्तू झाली. मूळ करणारे मागे पडले. त्यांच्या पुढच्या पिढीने बीबॉप काढला, तो नक्कल करायला अवघड.

कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी या पुस्तकावर टीका केली. समाजशास्त्राचं ओझं एवढं लादलंय की गाण्यातला आनंद त्याखाली चेंगरतो, असा तिचा आशय. टीका बरोबर होती. मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांवर जोन्स यांनी सरसकट फटकारे मारले होते. तरी १९६३च्याच ‘जॅझ अँड द व्हाइट क्रिटिक’ या लेखातला त्यांचा आक्षेप खोडणं कठीण आहे. वाजवणारे बहुतेक कृष्णवर्णीय, निवाडा देणारे बहुतेक गोरे. त्यांना स्वर कळतात, पण त्या स्वरांमागची जगण्याची रीत कळत नाही.

वर्षभरात हाच मुद्दा रंगमंचावर आला. २४ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये त्यांच्या ‘डचमन’ या नाटकाचा प्रयोग झाला. भुयारी रेल्वेचा डबा, कोट-टाय घातलेला वीस वर्षांचा क्ले, आणि सफरचंद खात त्याच्याशी लगट करणारी गोरी लुला. ती त्याला डिवचत राहते, शेवटी तो फुटतो. त्याच्या लांबलचक भाषणात ब्लूज गायिका बेसी स्मिथ आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर येतात. तुम्ही ज्या गाण्यावर माना डोलावता ते आमच्या दाबलेल्या खुनशीपणातून आलंय, या कलावंतांनी सरळ सूड घेतला असता तर गाण्याची गरजच पडली नसती, असं तो सुनावतो. लुला त्याला भोसकते. बाकीचे प्रवासी मुकाट्याने प्रेत बाहेर फेकतात आणि डब्यात दुसरा कृष्णवर्णीय तरुण शिरतो. ग्रंथातला इतिहासकार जे पुराव्याने मांडत होता, ते क्ले जिवानिशी मांडतो. त्या वर्षीचा ओबी पुरस्कार या नाटकाला मिळाला.

२१ फेब्रुवारी १९६५ला माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्यानंतर जोन्स यांनी व्हिलेज सोडलं, संसारही सोडला आणि हार्लेममध्ये ‘ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर’ काढलं. मदतीसाठी मार्चमध्ये ‘व्हिलेज गेट’मध्ये मैफल झाली. कोल्ट्रेन आणि अल्बर्ट आयलर तिथे वाजवायला आले. त्या उन्हाळ्यात नाटक, कविता आणि जॅझ हार्लेमच्या रस्त्यावर उतरले. तमाशाच्या घाटात आंबेडकरी विचार गावोगाव नेणारे भीमराव कर्डकांसारखे जलसाकार ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. संस्था मात्र भांडणांत आणि पैशांच्या वादात वर्षभरही टिकली नाही.

ते न्यूअर्कला परतले. तिथे ‘स्पिरिट हाउस’ सुरू केलं, सन रा यांच्या वाद्यवृंदासह ‘अ ब्लॅक मास’ हे नाटक केलं. जुलै १९६७च्या दंगलीत पोलिसांनी त्यांना मारहाण करून बेकायदा शस्त्रांच्या आरोपाखाली पकडलं. शिक्षा ठोठावताना न्यायाधीशांनी त्यांचीच कविता कोर्टात वाचून दाखवली. अपिलात ती शिक्षा टिकली नाही. याच सुमारास जोन्स हे नाव मागे पडलं आणि बराका पुढे आलं.

त्यांचा हा मागोवा घेताना अडखळायला होतं ते इथून पुढे. साठच्या दशकातल्या त्यांच्या लेखनात ज्यूद्वेष आहे, स्त्रियांविषयी तुच्छता आहे. १९८०मध्ये त्यांनी आधीच्या ज्यूद्वेषाची जाहीर कबुली दिली. पण २००१च्या हल्ल्यांनंतर लिहिलेल्या कवितेत इस्रायली लोकांविषयीची एक धादांत खोटी अफवा त्यांनी ओळींत ओवली. पुढे ते न्यू जर्सीचे राजकवी झाले, तेव्हा त्या कवितेवरून वाद पेटला. राजीनामा द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा २००३मध्ये राज्याने ते पदच रद्द केलं. ज्यांनी गोऱ्या समीक्षकांना नीट ऐका म्हणून सुनावलं, त्यांनी स्वतः दुसऱ्यांबद्दल बोलताना नेहमी नीट ऐकलं नाही.

संगीताबाबतीत मात्र ते ढळले नाहीत. स्टोनी ब्रूक विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं, ढोलवादक मॅक्स रोच यांच्याबरोबर ‘बम्पी’ ही बीबॉपच्या बाजाची संगीतिका रचली, १९८७मध्ये दुसऱ्या पत्नी अमिना यांच्यासह ‘द म्युझिक’ हे पुस्तक आणि २००९मध्ये, पंच्याहत्तरीत, ‘डिगिंग’ हा जॅझवरच्या लेखांचा संग्रह दिला. नाट्यलेखनही सुटलं नाही: कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्यावरचं त्यांचं नाटक न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं ते २०१५मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

आपल्याकडे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं होतं. त्या नात्याबद्दल आपण राजकारणाच्या अंगाने पुष्कळ बोललो, गाण्याच्या अंगाने कमी. आपल्या पोवाड्याचा, जलशाचा, भीमगीतांचा इतिहास गाणाऱ्यांच्या बाजूने लिहायचा असेल तर ‘ब्लूज पीपल’ची मांडणी हाताशी असावी, त्यातल्या चुकांसकट. आणि ‘डचमन’ वाचायला घेण्याआधी तासभर बेसी स्मिथ ऐकावी. क्ले कशावर एवढा चिडलाय, ते त्याशिवाय कळत नाही.