पोर्ट चालू आहे म्हणजे काय?

नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये केबल खोचली, शेजारचा हिरवा दिवा लागला, की पोर्टचे काम झाले असे समजले जाते. दिवा खोटे सांगत नाही, पण तो सांगतो ते फार थोडे असते. पलीकडे कुणीतरी आहे आणि दोघांना एकमेकांचे विजेचे इशारे समजताहेत, एवढेच. पलीकडचा कोण आहे, त्याला कुठवर जाऊ द्यायचे आणि कुठे थांबवायचे, यातले काहीही त्या दिव्यातून कळत नाही. पोर्ट तयार करताना या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. माझे म्हणणे असे की जे यंत्राला मोजता येते ते यंत्रावर सोडावे, आणि जे त्याला कळणे शक्यच नाही ते माणसाने स्पष्ट लिहून द्यावे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी याच्या अगदी उलट चालते, आणि नेटवर्कमधले कितीतरी चिवट बिघाड तिथूनच उगवतात.

हे प्रश्न मुळात आले कुठून? १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत इथरनेट जन्माला आले तेव्हा सगळी यंत्रे एकाच केबलवर होती. एक बोलत असेल तर बाकीच्यांनी ऐकायचे आणि दोघे एकदम बोलले तर टक्कर झाली असे समजून दोघांनी थांबायचे, असा तिथला शिरस्ता. १९९० साली कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या संस्थापकाने आपल्या पत्नीच्या नावावरून कंपनीला हे नाव दिले होते. स्विचमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र वाट मिळू लागली. वाटेवर दोघेच असतील तर बोलणे आणि ऐकणे एकाच वेळी चालू शकते. यालाच फुल डुप्लेक्स म्हणतात. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांना तसे मान्य असायला हवे. पोर्टचे सेटिंग हा विषय खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला.

त्यावरचा तोडगा १९९५ च्या फास्ट इथरनेट मानकाबरोबर आला आणि तो मला आजही फार सुंदर वाटतो. जुनी यंत्रे रिकाम्या तारेवर ठरावीक अंतराने 'मी आहे' असा एकच ठोका पाठवत. नव्या यंत्रांनी त्या एका ठोक्याच्या जागी सतरा ते तेहतीस ठोक्यांचा झुबका पाठवायला सुरुवात केली. झुबक्यात सोळा बिटांचा एक शब्द दडलेला असतो: मला १० जमते, १०० जमते, हाफ जमते, फुल जमते. दोन्ही टोके एकमेकांचा शब्द वाचतात आणि दोघांना झेपेल त्यातला सर्वोत्तम मार्ग निवडतात. जुन्या यंत्राला तो झुबका नेहमीचा ठोका वाटतो, त्यामुळे त्याचेही काही अडत नाही.

आता यातले एक टोक माणसाने '१०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स' असे पक्के करून टाकले आणि दुसरे ऑटोवरच राहिले, तर काय होते? पक्के केलेले टोक वाटाघाटीचे ठोके पाठवणे थांबवते. ऑटोवरच्या टोकाला तारेवरच्या इशाऱ्यावरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखायला काहीच साधन उरत नाही. अशा वेळी हाफ धरायचे, असे मानकच सांगते. म्हणजे एक बाजू वाटेल तेव्हा बोलणार, आणि दुसरी समोरून आवाज आला की टक्कर झाली म्हणून आपले वाक्य अर्ध्यात तोडणार. हाफच्या बाजूला 'लेट कोलिजन'चे आकडे चढत जातात, तर फुलच्या बाजूला तुटक्या आणि चेकसम न जुळणाऱ्या फ्रेमचे. दिवा हिरवाच असतो. पिंग केले तर उत्तर येते, कारण तुरळक वाहतुकीत दोघे एकदम बोलण्याची वेळ क्वचित येते. मोठी फाईल पाठवायला घेतली की मात्र लिंक रखडते. मग सर्व्हर बदलला जातो, केबल बदलली जाते, आणि दोन टोकांमधली विसंगती तिथेच राहते.

यावर जुने जाणते इंजिनिअर म्हणतील की सुरुवातीच्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत ही वाटाघाट फसत असे आणि पोर्ट पक्का करणे हाच खात्रीचा मार्ग होता. त्यांचे खरे आहे; त्या परिस्थितीत ती सवय योग्यच होती. पण तिला एक अट होती, दोन्ही टोके सारखीच पक्की करण्याची. माणसे बदलली, उपकरणे बदलली, सवय उरली आणि अट गळून पडली. शिवाय १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरचे गिगाबिट आले तेव्हा परिस्थितीच पालटली. त्यात चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतूक होते आणि कोणत्या टोकाच्या घड्याळावर चालायचे हे आधी ठरावे लागते. म्हणून तिथे वाटाघाट मानकानेच सक्तीची केली आहे. आज दोन्ही बाजू ऑटोवर ठेवणे यात आळस नाही, तोच नियम आहे.

मग माणसाने लिहायचे काय? सर्वांत आधी व्हीलॅन. १९९८ च्या मानकानुसार फ्रेममध्ये चार बाइटांची खूण घालता येते. तिच्यातल्या बारा बिटांतून ४०९४ वेगळी जाळी एकाच स्विचवर नांदू शकतात. हा पोर्ट हिशेब खात्याचा, कॅमेऱ्यांचा की पाहुण्यांच्या वायफायचा, हे तारेवरून मोजण्याची कुठलीही युक्ती नाही. काही सांगितले नाही तर सहसा सगळे पोर्ट एक नंबरच्या व्हीलॅनमध्ये पडून राहतात, आणि सगळे चालत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. काही स्विचवर तर पोर्टने अनेक व्हीलॅन वाहणारा ट्रंक व्हायचे की एकाच व्हीलॅनचा ॲक्सेस पोर्ट राहायचे, हेही समोरच्याशी बोलून ठरू शकते. इथे मात्र ऑटो बंदच करावे. वेग ठरवणे ही क्षमतेची बाब आहे. ट्रंक देणे ही परवानगीची बाब आहे, आणि परवानगी मागणाऱ्यालाच ती ठरवू देऊ नये.

तीच गोष्ट लूपची. इथरनेटच्या फ्रेमवर किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नसते, त्यामुळे तारांचे वर्तुळ झाले की फ्रेम फिरत राहतात आणि जाळे गुदमरते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेला स्पॅनिंग ट्री हे वर्तुळ तोडतो. मूळ पद्धतीत नव्याने जोडलेला पोर्ट तीस सेकंद नुसता ऐकत आणि शिकत थांबतो. तेवढ्यात संगणक पत्ता मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता घेऊन बसतो. 'इथे फक्त संगणक लागेल, स्विच नाही' असे पोर्टला सांगितले की ही वाट पाहणे संपते. सोबत बीपीडीयू गार्ड लावावा, म्हणजे त्या जागी कुणी खरेच दुसरा स्विच जोडला आणि त्याचा स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला, तर पोर्ट आपोआप बंद होतो. माणसाने शब्द दिला आणि यंत्र तो पाळला जातोय का ते पाहते. कामाची अशी वाटणी मला आदर्श वाटते.

आता पोर्टवर येणाऱ्याची ओळख तपासून मध्यवर्ती सर्व्हर व्हीलॅन ठरवतो. मग हाताने लिहायचे उरले कुठे, असा आक्षेप येतो. ती व्यवस्था चांगली आहे, मोठ्या जाळ्यात अटळही आहे. पण तिथेही कुणाला कुठे जाऊ द्यायचे हे कुणीतरी ठरवलेले असते. फक्त लिहिण्याची जागा स्विचवरून सर्व्हरवर सरकली. आणि स्विचला जोडणारा ट्रंक, छतावरचा ॲक्सेस पॉइंट, न वापरलेला म्हणून बंद ठेवलेला पोर्ट, यांच्याबद्दलचा निर्णय माणसाकडेच राहतो. शेकडो पोर्टांसाठी एवढा वेळ कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. त्याला उत्तर साच्यांचे: कर्मचाऱ्याचा पोर्ट, कॅमेऱ्याचा पोर्ट, ट्रंक असे चार-सहा साचे एकदा नीट विचार करून बनवावेत आणि पोर्टनिहाय फक्त वर्णनाची ओळ लिहावी. त्या ओळीत पलीकडच्या उपकरणाचे नाव, त्याचा पोर्ट आणि पॅच पॅनेलवरचा क्रमांक असावा. ही ओळ वाहतुकीवर काडीचाही परिणाम करत नाही, म्हणून ती सर्वांत आधी वगळली जाते. आणि रात्री दोन वाजता रॅकसमोर उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी तीच हवी असते.

शेवटची दोन कामे पाच मिनिटांची आहेत. पोर्टचे त्रुटींचे आकडे शून्य करून भरपूर वाहतूक सोडावी आणि दोन्ही टोकांचे आकडे पुन्हा वाचावेत. मग सेटिंग जतन करावे, कारण अनेक स्विचांवर चालू असलेले सेटिंग आणि साठवलेले सेटिंग वेगळे असते, आणि वीज जाऊन आली की उरते ते साठवलेले.