भेडाघाटचं गोल मंदिर आणि आपली तारांगणं

धुवाँधार धबधबा आणि संगमरवरी कडे पाहून जबलपूरला परतणाऱ्यांनी भेडाघाटच्या टेकडीवरचं चौसष्ट योगिनी मंदिर अजिबात चुकवू नये. पाहणाऱ्याला चहूबाजूंनी प्रतिमांनी वेढून टाकायची कल्पना किती जुनी आहे, ते इथे कळतं.

कलचुरी राजांच्या काळातलं, साधारण हजार वर्षांपूर्वीचं हे बांधकाम. गोलाकार ओवरी, तिच्यात ओळीने बसलेल्या योगिनी, सगळ्यांची तोंडं अंगणाकडे. नाव चौसष्ट, पण इथे योगिनींच्या जागा ८१! बऱ्याच मूर्ती भंगल्या आहेत, तरी बैठकीवर कोरलेली नावं दिसतात. अंगणावर छप्पर नाही, थेट आकाश.

वेढून टाकायची अशीच कल्पना पुढे युरोपातही दिसते. रॉबर्ट बार्करने १७८७ साली पाहणाऱ्याभोवती फिरणाऱ्या गोल पॅनोरमा चित्राचं पेटंट घेतलं. पुढे १९२३ मध्ये झाइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांचं यंत्र म्युनिकमध्ये दाखवलं गेलं. अंधाऱ्या घुमटावर प्रकाशाचे तारे उमटले आणि आजच्या तारांगणाची सुरुवात झाली.

आपल्याकडे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसरो वाडिया तारांगण उभं राहिलं. चक्क एका शाळेत! मुंबईकरांना नेहरू तारांगणासाठी १९७७ पर्यंत थांबावं लागलं.