कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून

यंदा मंडळाच्या गणपतीत जेवणे आटोपल्यावर एका कोपऱ्यात विषय निघाला : हेज फंडात पैसे घालावेत का? आमच्या घरी तो महिनाभर चालला. मुलीचे कॉलेज पाच वर्षांवर आलेले, पुण्याला आईबाबांचा औषधपाण्याचा खर्च. गमावण्यासारखे पैसे फारसे नव्हतेच.

हेज म्हणजे कुंपण. १९४९ साली आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी अमेरिकेत असा पहिला फंड काढला. काही शेअर्स विकत घ्यायचे आणि भाव पडतील असे वाटणारे उसने घेऊन विकायचे, म्हणजे बाजार कोसळला तरी शेत राखले जाईल, ही कल्पना.

पण कुंपणाने शेत खाल्ल्याचे उदाहरणही आहे. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचे दोन भागीदार, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन, १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. फंडाच्या एका डॉलरमागे सुमारे २५ डॉलर उसने होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि परस्परांशी संबंध नाही असे समजलेले व्यवहार एकदमच बुडू लागले. अखेर १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून पडझड आवरली.

आम्ही प्रयोगशाळेतली माणसे. बफर द्रावणात थेंब थेंब आम्ल घातले तर पीएच फारसा हलत नाही. बफरची ताकद संपली की धाडकन घसरतो. जोखमीचेही तसेच. शांत वर्षांचे आकडे पाहून ती कळत नाही.

म्हणून आम्ही 'किती मिळेल?' ऐवजी 'गेले तर काय अडेल?' असा हिशेब मांडला. बचतीतले ५ टक्के घातले आणि निम्मे बुडाले, तर तोटा अडीच टक्के. २५ टक्के घातले, तर साडेबारा. आमच्या घरी म्हणजे कॉलेजचे एक वर्ष. शिवाय अनेक फंड वर्षाला २ टक्के फी आणि नफ्यात २० टक्के वाटा घेतात आणि पैसे हवे तेव्हा काढू देत नाहीत. इथे अशा फंडांसाठी साधारणपणे जोडप्याचे उत्पन्न ३ लाख डॉलरच्या वर, किंवा राहते घर सोडून १० लाखांच्या वर मालमत्ता लागते. पण पात्र ठरलो म्हणजे सुरक्षित झालो, असे नव्हे.

कॉलेज आणि औषधांचे पैसे आम्ही आधी बाजूला काढले. उरलेल्यातून फार तर ५ टक्के, असे ठरले. फंडाला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत : उसने किती? पैसे कधी काढता येतील? हिशेब बाहेरचे कोण तपासते? लेखी उत्तरे येईपर्यंत चेकबुक कपाटातच. आली की दिवाळीच्या फराळाला सांगूच!