वेलांटीची किंमत

संगणकावर चूक पुसायला एक बोट पुरते आणि मागमूसही उरत नाही. टाइपरायटरवर अक्षर कागदात ठोकले जायचे. मूळ प्रतीखाली तीन कार्बन असतील, तर चूक एकदम चार कागदांवर!

ती खोडण्याचा एक विधीच होता. आधी कॅरेज एका टोकाला सरकवायची, म्हणजे रबराचा चुरा यंत्राच्या पोटात पडत नाही. प्रत्येक कार्बनच्या पुढे कागदाची चिठी सरकवायची, नाहीतर घासण्याच्या दाबाने खालच्या प्रतीवर काळा डाग. मग चकतीसारख्या कडक रबराने हलक्या हाताने घासायचे. हात जरा जड झाला की कागदाला भोक पडलेच.

मराठी यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. राहिलेली मात्रा सोपी. एक घर मागे येऊन ठोकली की झाले. पण 'दिन'चा 'दीन' करायचा म्हणजे कसोटी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवायची, दीर्घ नंतर. त्यामुळे वेलांटीबरोबर बिचारा 'द'ही खोडायचा आणि दोन्ही पुन्हा ठोकून शिरोरेघ जुळवायची. शुद्धलेखनाचा इतका कडक मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

अमेरिकेत विजेच्या टाइपरायटरांची कार्बन रिबीन रबराने खोडली जाईना, नुसती फरफटे. डॅलसच्या एका बँकेतील सेक्रेटरी बेट नेस्मिथ ग्रॅहम यांनी बाटलीत पांढरा रंग भरला आणि बारीक ब्रशने चुका झाकायला सुरुवात केली. 1956 पासून त्या अशा बाटल्या विकू लागल्या. हेच पुढचे 'लिक्विड पेपर'. 1979 मध्ये जिलेट कंपनीने तो धंदा पावणेपाच कोटी डॉलरला घेतला.

खरेदीखताला मात्र ना रबर चाले, ना पांढरा रंग. तिथे चूक झाकणे म्हणजे संशयाला आमंत्रण. जमिनीच्या गट क्रमांकात एक आकडा चुकला तरी उद्याचे भांडण ठरलेले आणि मुद्रांकाचा कागद फुकट घालवणे परवडणारे नसे. म्हणून चुकलेले वाचता येईल अशी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सह्या घ्यायच्या. मला ही खाडाखोड गुळगुळीत छापील पानापेक्षा जास्त भरवशाची वाटते. घरात जुने खरेदीखत असेल तर काढून पाहा. समासात आजोबांची थरथरती सही दिसली, तर तिच्या शेजारच्या ओळीत काय खोडले आहे तेही वाचा.