ब्राऊन बेसचा एक बार

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटिश पायदळातल्या बहुतेक शिपायांच्या हाती 'ब्राऊन बेस' घराण्यातली ठासणीची बंदूक असे. तिचा 'इंडिया पॅटर्न' हा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी बनलेला. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुका कमी पडल्या, म्हणून १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने तोच आपल्या सैन्यासाठी घेतला. या बंदुकीचा एक बार काढायला शिपायाला काय काय करावे लागे, ते आपण क्रमाने पाहू.

आधी काडतूस. काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी. आत मोजून भरलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपाई तिचे टोक दातांनी फाडी. प्रत्येक वेळी दारूचे चार कण तोंडात जात. दारूत सर्वांत मोठा वाटा खारट सोऱ्याचा (तो ब्रिटनला मुख्यतः बिहारमधून जाई), त्यामुळे लढाईत घसा कोरडा पडे आणि पाण्यावाचून जीव कासावीस होई.

मग रंजक, म्हणजे पेट घेण्यापुरती चिमूटभर दारू. ती नळीच्या कडेच्या छोट्या वाटीत टाकून पोलादी झाकण लावायचे. या वेळी घोडा अर्धाच चढवलेला हवा, नाहीतर बंदूक अवेळी उडे.

आता दस्ता जमिनीवर टेकवून उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीत सोडायचे आणि लोखंडी गजाने ठासायचे. गज परत जागेवर ठेवायला घाबरलेला शिपाई विसरे. बारासरशी गजही उडून जाई आणि दुसरा मिळेपर्यंत बंदूक निकामी.

शेवटी घोडा पूर्ण चढवून चाप ओढायचा. घोड्यात बसवलेला चकमकीचा दगड झाकणावर आपटतो, ठिणगी रंजकात पडते आणि बारीक छिद्रातून आग नळीत शिरते. सगळ्यांत जास्त घोटाळे इथेच होत. दगड बोथट झाला की ठिणगी पडत नसे. छिद्र काजळीने बुजले की नुसते रंजक जळे. आजूबाजूच्या गोंगाटात आपला बार झालाच नाही, हे शिपायाला कळतही नसे. तो त्यावरच दुसरे काडतूस ठासे, आणि मग नळी फुटण्याचा धोका. म्हणून छिद्र मोकळे करणारी सुई शिपाई पट्ट्याला अडकवून ठेवी.

पाऊस तर वैरीच. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील अल्बुएराला मुसळधार सरीत बंदुका पेटेनात. नेमके तेव्हाच फ्रेंचांच्या बाजूचे पोलिश भालाईत घोडेस्वार कोलबोर्नच्या ब्रिटिश ब्रिगेडवर तुटून पडले आणि तिची धूळधाण झाली. वॉटर्लूच्या लढाईच्या आदल्या रात्रीही धो धो पाऊस झाला. सकाळी शिपायांनी भिजलेले बार उडवून नळ्या मोकळ्या केल्या.

गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. त्यामुळे भरणे सोपे, पण नेम भरवशाचा नाही: शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला टिपणे अवघड. म्हणूनच रांगेने एकदम बार काढत. कवायतीत मिनिटाला तीन बार निघत. लढाईत काजळी साचली, दगड झिजला की वेग उतरे, आणि धुरात समोरचा शत्रूही दिसत नसे. माझ्या मते ब्रिटिश रांगांची खरी ताकद बंदुकीत नव्हती. अशा धुरातही एकेक कृती न चुकता करणाऱ्या सरावलेल्या हातांत होती.

एवढ्या कामाचे शिपायाला दिवसाला एक शिलिंग मिळे, आणि त्यातूनही जेवणाचे व किरकोळ साहित्याचे पैसे कापून घेत.